शुक्रवारी पाचच्या आत पोचवलेली नोटीस

लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या ऑफिसात काका-काकू फाइल घेऊन आले तो गुरुवार होता, 26 सप्टेंबर 2024. फ्लॅट विकून मुलाजवळ राहायला जायचं होतं, त्याआधी लीज, म्हणजे फ्लॅटचा भाडेपट्टा, वाढवून घ्यायचं होतं. मालक कंपनीच्या एजंटशी उन्हाळाभर पत्रव्यवहार चालला होता. "बोलणी अगदी छान चाललीयत," काका समाधानानं सांगत होते.

मी लीजची प्रत उघडली. मुदत 99 वर्षं, 29 सप्टेंबर 2005 पासून. ती तारीख वाचली आणि समोरची बाकी सगळी कामं बाजूला सारली.

इंग्लंडमध्ये फ्लॅट विकत घेतला म्हणजे बहुधा ठरावीक वर्षांचं लीज घेतलं. जमीन आणि इमारत मूळ मालकाची, म्हणजे फ्रीहोल्डरचीच राहते. नवी मुंबईत सिडकोच्या 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर ज्यांचं घर आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. 1993 च्या कायद्यानं फ्लॅटधारकाला हक्क दिला, की मोबदला भरला तर उरलेल्या मुदतीत आणखी 90 वर्षं मिळतात आणि ग्राउंड रेंट, म्हणजे मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं, कायमचं शून्य होतं. मेख आहे ती 80 वर्षांची. हा हक्क मागणारी, सेक्शन 42 ची नोटीस दिली त्या दिवशी 80 हून जास्त वर्षं उरलेली असतील तर मॅरेज व्हॅल्यू नावाचा जादा मोबदला लागत नाही. ती रेघ ओलांडली, की लीज वाढल्यामुळे जो फायदा निर्माण होतो त्यातला निम्मा वाटा मालकाचा. काकांची ती रेघ दोन-तीन दिवसांवर आली होती, तीही शनिवार-रविवार धरून.

"अगं, पण त्यांची ऑफर आहे ना आपल्या हातात!"

"काका, त्या पत्रांची तारीख कोणी धरत नाही. सेक्शन 42 ची नोटीस मालकाला मिळाली, तो दिवस धरतात."

ती ऑफर मी नीट वाचली. मुदत वाढवून 125 वर्षं करून देऊ, मात्र जुन्या मुदतीपुरतं ग्राउंड रेंट आहे तसंच, दर 25 वर्षांनी दुप्पट होणारं. उत्तर द्यायला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वेळ. म्हणजे काका शांतपणे विचार करत बसले असते आणि 80 ची रेघ मागे पडली असती. असं पत्र चुकून लिहिलं जातं यावर माझा विश्वास नाही. आयुष्यभराची कमाई घरात घातलेल्या माणसाशी असं वागताना पाहिलं की मला संताप येतो.

नोटीस योग्य मालकाच्या नावे नसेल तर सगळंच मुसळ केरात. मालकीची सरकारी नोंद ठेवणाऱ्या लँड रजिस्ट्रीचा उतारा तेव्हा 3 पौंडांत ऑनलाइन मिळायचा, तो काढला. ग्राउंड रेंटच्या बिलांवर एका कंपनीचं नाव आणि रजिस्टरवर दुसरीचंच! फ्रीहोल्ड मधल्या काळात विकलं गेलं होतं. मग नव्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता शोधला.

नोटिशीत मोबदल्याचा आकडा लिहावा लागतो, आणि तो मनाला येईल तितका कमी लिहून चालत नाही. ओळखीच्या व्हॅल्युअरनं, म्हणजे मालमत्तेची किंमत काढणाऱ्यानं, फोनवरच हिशेब मांडला. फ्लॅट साधारण 4 लाख पौंडांचा. 80 वर्षांनी मालकाकडे परत जाणाऱ्या या 4 लाखांची आजची किंमत, 5 टक्के दरानं, जेमतेम 8 हजार. बुडणारं ग्राउंड रेंट वेगळं. मॅरेज व्हॅल्यू लागली असती तर त्यावर आणखी काही हजारांचा बोजा.

लीजच्या नकाशावर मागचं गॅरेजही लाल रेषेच्या आत होतं, ते नोटिशीत घातलं. उत्तरासाठी दोन महिन्यांपुढची तारीख टाकली. मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते आणि काकू लीजच्या प्रतीवर बोट ठेवून ताडून पाहत होत्या. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून दोघांच्या सह्या घेतल्या.

पोस्टावर विसंबायची सोय नव्हती. शुक्रवारी माणूस पाठवून मालकाच्या पत्त्यावर नोटीस हातोहात दिली. पाचच्या आत पोच मिळाली, तेव्हा काकांना फोन केला. पलीकडे ते नुसतंच "बरं, बरं" म्हणत राहिले.

मालकानं प्रतिनोटिशीत हक्क मान्य केला, आकडा अर्थातच चढा लावला. पुढे दोन्ही व्हॅल्युअर बोलले आणि मधला आकडा ठरला. नवं लीज सप्टेंबर 2194 पर्यंतचं आहे. मालकाच्या वकिलाची आणि व्हॅल्युअरची वाजवी फीसुद्धा काकांनीच भरली. कायदाच तसा होता, आणि मला तो पटत नाही.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, तिचंही लीज त्याच तारखेचं. मॅरेज व्हॅल्यू रद्द करणारा नवा कायदा मे 2024 मध्ये मंजूर झाल्याचं तिनं वाचलं होतं आणि त्या भरवशावर ती निवांत होती. ते कलम तेव्हा लागू झालेलंच नव्हतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. काका तिला माझ्याकडे घेऊन आले तोवर ऑक्टोबर लागला होता. मॅरेज व्हॅल्यूसकट किती पडेल ते मी तिला लिहून दिलं. तिला घर विकायचं नव्हतं, तेव्हा तिनं ते कलम लागू होईपर्यंत थांबायचं ठरवलं.