मॉडेल लॉग 4 : हेलिक्स उभी राहिली एकदाची

मंडळी, उभी राहिली! प्रोटीन म्हणजे ॲमिनो ॲसिडांची साखळी, ती स्प्रिंगसारखी वळून जी अल्फा हेलिक्स होते तिचं मॉडेल करतेय मी. मागच्या वेळी लिहिलं होतं ना की साखळी हातात घेतली की नुसती लोंबते, आकारच धरत नाही, तर चूक सापडली. मी प्रत्येक सांध्याला सायकलची व्हॉल्व ट्यूब लावली होती, म्हणजे दोन ॲमिनो ॲसिडांना जोडणाऱ्या पेप्टाइड बाँडला पण, आणि तो तर फिरतच नाही. कागदावर सिंगल काढतात पण असतो अर्धवट डबल, लांबी 1.33 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), साध्या सी-एन बाँडची 1.47 असते. त्यामुळे अल्फा कार्बन (ॲमिनो ॲसिडचा मधला कार्बन), सी, ओ, एन, एच आणि पुढचा अल्फा कार्बन हे सहाही एकाच पातळीत, पत्र्यासारखे सपाट.

मग त्या ट्यूबा काढल्या आणि जुन्या लग्नपत्रिका घेतल्या, जाड, सोनेरी किनारीच्या, इंदूरला एका लग्नसराईत घरात गठ्ठा जमतो. स्केल तेच, 1 अँगस्ट्रॉमला 1 सेंमी. 18 पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर दोन अल्फा कार्बनमध्ये 3.8 सेंमी, ऑक्सिजन एका अंगाला, हायड्रोजन दुसऱ्या. आता वळायला जागा फक्त अल्फा कार्बनपाशी, फाय (एन कडच्या बाँडभोवती) आणि साय (सीओ कडच्या बाँडभोवती) हे दोनच अँगल, ज्यांचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मद्रासला 1963 मध्ये मांडला. फाय उणे 57, साय उणे 47, कोनमापक धरून एकेक सांधा चिकटवला, तीन रात्री गेल्या त्यात.

पण सहाव्या पट्टीनंतर ती आपोआप वळायला लागली, स्क्रूच्या आट्यांसारखी, आणि मी हातातलं काम सोडून नुसती बघत बसले. एका वेढ्यात 3.6 ॲमिनो ॲसिड, म्हणजे 18 मध्ये पाच वेढे पुरे, आणि खरंच एकोणिसावा अल्फा कार्बन पहिल्याच्या बरोब्बर डोक्यावर आला! उंची हवी 27 सेंमी, माझी भरली 26.4. मग हायड्रोजन बाँडसाठी लाल रेशमी धागे, एकाचा ऑक्सिजन आणि पुढच्या चौथ्याचा एन-एच, असे 15. प्रत्येक साधारण 2.9 सेंमी यायला हवा, माझे 2.7 ते 3.2 मध्ये आहेत, चालेल. धागे बांधल्यावर वरून दाबलं की स्प्रिंगसारखं परत येतं, त्याआधी एका बाजूला कलत होतं.

साइड चेन, म्हणजे अल्फा कार्बनला लटकणारा गट, सगळ्या ॲलनिन या साध्या ॲमिनो ॲसिडच्या, एकेक हिरवा मणी. लावून झाल्यावर आठवीतला भाचा म्हणाला, "मावशी, हा एकच मणी वेगळीकडे का बघतोय?" बघते तर बारावा, जिथे हायड्रोजन हवा तिथे मणी लावलेला, म्हणजे एल ऐवजी डी झाला होता (दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं, प्रोटीनमध्ये एल असतात). नियम सोपा आहे, हायड्रोजनच्या बाजूने बघायचं, सीओ, आर (म्हणजे साइड चेन), एन हे घड्याळाच्या काट्याप्रमाणे यायला हवेत, इंग्रजीत कॉर्न, म्हणजे आपला भुट्टा, आता मी विसरणार नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने 1948 मध्ये ऑक्सफर्डला आजारी पडलेला असताना कागद दुमडून ही हेलिक्स शोधली, पण 1951 च्या पेपरातल्या चित्रात ती डावखुरी आहे आणि ॲसिडं डी! आरशातल्या दोन रूपांपैकी खरं कुठलं हे डच शास्त्रज्ञ बायवूटने एक्स-रे वापरून दाखवलं तेही 1951 मध्येच. मणी सोडवून परत लावला.

पुढचं काम प्रोलीन हे ॲमिनो ॲसिड, दहाव्या जागी. त्याची साइड चेन वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडलेली असते, तिथे एच उरतच नाही, म्हणजे सहाव्याच्या ऑक्सिजनचा धागा बांधायचा कशाला? शिवाय ते कडं आधीच्या वेढ्यावर आपटणार, त्यामुळे हेलिक्स तिथे वाकते म्हणतात, मला ते हाताने करून बघायचंय. पाच अणूंचं कडं या स्केलला साधारण 2.5 सेंमी व्यासाचं होतं, बांगडी फार मोठी, कानातली बाळी बसेल असं वाटतंय. रविवारी पट्टी बरोबर घेऊन राणीपुऱ्याच्या बाजारात जाते, कोणी याआधी प्रोलीन केलं असेल तर कशाचं केलं ते तोवर सांगा.