मोडीचा वर्ग टर्मिनलवरून : सातारा, आतापर्यंतचं काम

मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गाचे सुरुवातीचे धडे सर्व्हरवर चढले आहेत. वाई, कराड, कोरेगावकडची मंडळी ते मोबाईलवर उघडू लागली आहेत. मागच्या नोंदीनंतर बरंच काम पुढे सरकलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे सगळं कमांडलाईनवरूनच, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून, करण्याचं कारण आधी सांगतो. मोडीत दुरुस्त्या फार. जुन्या कागदावरचा एखादा शब्द नव्याने लागला की धडा, कित्ता, चाचणी, उत्तरं असं सगळीकडे बदलावं लागतं. म्हणून मूळ मजकूर एकाच साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवायचा आणि बाकी सगळं त्यातून निघालं पाहिजे, हा माझा आग्रह आहे. प्रत्येक धड्याची एक मार्कडाउन फाइल (साध्या खुणांचा टेक्स्ट) आणि शब्दांचा एक तक्ता, सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या अवजारात. पॅनडॉक हा फाइलींचं रूप बदलणारा प्रोग्राम त्यातून वेबपान काढतो आणि लुआलाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने छापायची पीडीएफही. कुठला धडा बदलला ते मेक हा प्रोग्राम बघतो आणि तेवढाच पुन्हा बांधतो. १९७६ सालचं हे अवजार आजही या कामाला चोख बसतं.

आता मोडी अक्षरं. मी टाइप करतो बाळबोधीत (देवनागरीत), मोडी आपोआप बनते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, मोडी २०१४ साली, ७.० आवृत्तीत आली आणि अक्षरं बहुतेक एकास एक जुळतात. त्यामुळे सेड या मजकूर बदलणाऱ्या अवजाराच्या 'वाय' आज्ञेला बाळबोध आणि मोडी अक्षरांच्या दोन ओळी दिल्या की लिप्यंतर होतं. इथे टीआर ही अक्षरं बदलणारी दुसरी आज्ञा वापरू नका. लिनक्सवरचा टीआर एकेक बाइट बघतो आणि मोडीचं एक अक्षर चार बाइटांचं, सगळा चुथडा होतो. मोडी लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, वेलांटी दीर्घ आणि उकार ऱ्हस्व असा रिवाज. म्हणून माझ्या तक्त्यात दोन्ही इकार एकाच चिन्हावर जातात आणि दोन्ही उकारही.

चार बाइटांचा हा मुद्दा डेटाबेसलाही लागू आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला अक्षरं साठवण्याचा जुना प्रकार 'यूटीएफ८' तीन बाइटांवरच थांबतो, त्यात मोडी मावत नाही. मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली, बसवताना डेटाबेस 'यूटीएफ८एमबी४'मध्येच करा, हे प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

धडे दाखवल्यावर भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, "शब्द तोडून देऊ नकोस रे त्यांना. दप्तरात कोण तोडून देतंय?" अगदी खरं. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. म्हणून आता प्रत्येक वाक्य तीन रूपांत निघतं : बाळबोध, जागा सोडलेली मोडी आणि सलग मोडी. तिसऱ्यासाठी सेडची एकच ओळ वाढली, पण वर्गाला खरी धार तिनेच आली. जागा काढल्या की फाँटमधली शिरोरेघही अखंड होते आणि पान एकदम कागदपत्रासारखं दिसू लागतं. आता शिकणारे मोठ्याने वाचत शब्द तोडतात. आधी ते नुसती अक्षरं ओळखत होते.

कित्त्यासाठी हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं एचबी-व्ह्यू हे अवजार सापडलं आणि मी हरखून गेलो. त्याला नोटो सान्स मोडी फाँट आणि एक अक्षर दिलं की त्या अक्षराची एसव्हीजी, म्हणजे मोठी केली तरी स्पष्ट राहणारी चित्रफाइल, मिळते. रंग फिकट राखाडी ठेवला की गिरवायला कित्ता तयार. अख्खी मुळाक्षरं एका लूपमध्ये निघाली. ज्यांच्या मोबाईलवर मोडी फाँट नाही त्यांनाही अक्षर चित्र म्हणून दिसतंच. वेबपानांसोबत फाँटही पाठवतो, फाँटटूल्सने वोफ२ या वेबसाठीच्या छोट्या स्वरूपात करून.

पण फाँट म्हणजे हस्ताक्षर नव्हे. पेशवेकालीन घाईच्या लेखणीत अक्षर अक्षराला बिलगलेलं असतं, ते फाँटवर शिकता येत नाही. म्हणून आमच्या घरच्या रुमालातली (कागद बांधलेल्या कापडातली) खरेदीखतं आणि गहाणखतं फोटो काढून घेतली. इमेजमॅजिक या चित्रांच्या अवजाराने वाकडं पान सरळ करायचं, राखाडी करायचं, मग स्थानिक थ्रेशोल्ड (त्या त्या भागाच्या उजेडानुसार काळं-पांढरं करणं) लावून मागच्या बाजूची शाई मागे सारायची. हे बेतानेच करा. थोडं जास्त झालं की पुसट वेलांटी नाहीशी होते आणि वाचन बदलतं. मी शेजारी मूळ रंगीत फोटो ठेवतोच.

हाताचे व्हिडिओ वरून घेतले आहेत. टाकाचं टोक, त्याखालचा कागद, एवढंच चौकटीत. टाक न उचलता वळण कसं फिरतं ते नुसत्या चित्रात कळत नाही. कागद हलत नसल्याने एफएफएमपेग या व्हिडिओच्या अवजाराला फाइल दाबायला भरपूर वाव मिळतो. उंची ४८०, सेकंदाला १५ फ्रेम, सीआरएफ (दाबण्याची मात्रा) २८ ठेवूनही टोक स्पष्ट दिसतं. आवाज त्याच्याच लाउडनॉर्म फिल्टरने सारखा केला. 'फास्टस्टार्ट' लावायला विसरू नका, नाहीतर पूर्ण फाइल उतरेपर्यंत गावाकडच्या नेटवर व्हिडिओ सुरूच होत नाही. नुसतं वाचन ऐकायचं असेल तर ३२ केबीपीएसची ओपस फाइल पुरते.

मूडल छोट्या भाड्याच्या डेबियन सर्व्हरवर आहे. मूडलच्याच सीएलआय (कमांडलाईन) फोल्डरमधल्या इन्स्टॉल फाइलीने बसवलं, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं) दर मिनिटाला, विद्यार्थ्यांची यादी सीएसव्ही तक्त्यातून. धडे मात्र मूडलमध्ये कोंबले नाहीत. ते साध्या फोल्डरमध्ये आहेत, आरसिंक हा फाइली पाठवणारा प्रोग्राम फक्त बदललेला भाग वर नेतो आणि मूडलमध्ये दुवे, चाचण्या, गुण एवढंच राहतं. पावसात इथलं नेट मधेच जातं, तेव्हा आरसिंकचा अर्धवट फाइल जपणारा 'पार्शल' पर्याय आणि सर्व्हरवर, नेट तुटलं तरी काम चालू ठेवणारं टीमक्स असल्याशिवाय मी काही सुरू करत नाही.

चाचण्या ऑक या तक्ते हाताळणाऱ्या अवजाराने मूडलला कळणाऱ्या गिफ्ट स्वरूपात काढतो, बरोबर उत्तराला '=' हे चिन्ह, चुकीच्याला टिल्ड (~). त्या चढवायला तेवढा ब्राउझर उघडतो. सध्या सगळ्यांना ओढ लागली आहे शुहूर सनाच्या, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेच्या, चाचणीची. कागदात 'इहिदे सितैन मया व अलफ' असं येतं, म्हणजे एक, साठ, शंभर, हजार : ११६१. हा सन मृग नक्षत्र लागताना बदलतो, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ची, ११६१ अधिक ६००, बरोबर जमतं. ऑकची स्क्रिप्ट असे अंक शब्दांत मांडून हवे तितके प्रश्न देते आणि चुकीचे पर्यायही मुद्दाम एका वर्षाने हुकलेले देते, म्हणजे मृगाचा विचार केल्याशिवाय सुटत नाही.

बॅकअपही सीएलआयवरूनच. मूडलची एमबीझेड बॅकअप फाइल घरच्या जुन्या लॅपटॉपवर रिस्टोर करून पाहिली, वर्ग जसाच्या तसा उभा राहिला. पुढचं काम जोडाक्षरांचं. 'र'ची जोडाक्षरं फाँटमध्ये आणि दप्तरात वेगळी दिसतात तिथे दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावायची आहेत. त्यासाठी कागदांतून एकेक जोडाक्षर कापून फोल्डर भरणं सुरू आहे. शिवकालीन वळणाचे नमुने अजून थोडे आहेत, कुणाच्या घरी असे कागद असतील आणि वर्गात दाखवायला हरकत नसेल, तर फोटो सपाट उजेडात, फ्लॅश न लावता काढा.