अडीच

पहाटेचे साडेचार. आयसीयूत माझ्याकडं दोन पेशंट, दोघंही व्हेंटिलेटरवर. खरं तर अशा प्रत्येकाला एक स्टाफ नर्स पाहिजे, पण नाईटला कुठलं आलंय ते. एकाचं नॉरअ‍ॅड, म्हणजे बीपी वाढवायचं औषध, संपत आलेलं म्हणून सिरिंज बदलली, तेवढ्यात पलीकडच्या बेडचा अलार्म वाजला, मी मान तिकडं करूनच औषध सोडायच्या पंपावर रेट टाकला आणि २.५ च्या जागी २५ गेलं. पॉईंटचं बटण दाबलंच गेलं नव्हतं.

बघता बघता बीपी दोनशेच्या वर. पंप थांबवला, डॉक्टरांना हाक मारली. नॉरअ‍ॅडचा असर काही मिनिटांत उतरतो म्हणून निभावलं, पेशंटला काही झालं नाही.

सकाळी इन्सिडंट फॉर्म भरला. पहिला रकाना, चूक करणाऱ्याचं नाव. पेशंट किती होते, सलग कितवी नाईट (पाचवी होती) याला रकानाच नाही! टेबलामागं पेशंट सेफ्टी डेचं २०२२ चं पोस्टर, त्या वर्षीचा विषय नेमका औषधांची सुरक्षितता.

बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवरनं खानापूरची बस धरून घरी आले तर आई म्हणाली, काय गे, तोंड का उतरलंय? झोप नाही म्हटलं. पण झोपायला गेले तर कानात अलार्मच. पंधरा दिवस असंच, ड्युटीवर एकच पंप पाच-पाच वेळा बघायचं, घरी आल्यावर गॅस बंद आहे का ते उठून बघायचं. अल्बर्ट वू नावाच्या डॉक्टरनं २००० साली अशा चूक झालेल्यांना सेकंड व्हिक्टिम, म्हणजे दुसरा बळी, म्हटलंय. मला तो शब्द पटत नाही, त्रास होणारा तो बेडवर असतो. पण हात कापतात ते कापतातच की.

आमच्या सीनियर सिस्टर कन्नड. एका रात्री चहा पिताना त्यांनी स्वतःची जुनी चूक सांगितली, अगदी डोससकट, आणि म्हणाल्या, होगली बिडु, जाऊ दे सोड. इतक्या दिवसांत कोणी स्वतःची चूक सांगितलेली पहिल्यांदाच ऐकली.

आता रेट टाकला की मी शेजारच्या स्टाफला मोठ्यानं सांगते, अडीच. इंग्रजीत टू पॉईंट फाईव्हमधला पॉईंट गडबडीत गिळला जातो, अडीचचं पंचवीस कसं ऐकू येणार? सिस्टर पंपावर बोट ठेवून कन्नडमध्ये अडीच म्हणतात, एरडूवरे. मग स्टार्ट.