सुगंधी मेणबत्ती नीट जाळायची तर

गोव्याच्या पावसाळ्यात घराला कुबट वास येतो. आधी खिडक्या उघडून तो घालवा. मेणबत्ती त्यावर फक्त सुगंध चढवते.

मेणबत्ती पहिल्यांदा जाळणं सगळ्यात महत्त्वाचं. मेण काठापर्यंत वितळू द्या; 8 सेंटिमीटर रुंद ग्लासाला साधारण 3 तास लागतात. लवकर विझवली, तर पुढे वातीभोवतीच खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण वाया जातं. दर वेळी पेटवण्याआधी वात 5 मिलिमीटर ठेवून कापा. लांब वातीची ज्योत धुरकटते, काच काळवंडते. पंख्याखालीही तेच होतं. सलग 4 तासांपेक्षा जास्त नको. तळाशी 1 सेंटिमीटर मेण उरलं की थांबा.

सोया मेण मऊ. मे महिन्यात बाल्कांवावरच्या (घरापुढच्या ओसरीवरच्या) उन्हात ठेवू नका. आणि लहान खोलीत मोगरा डोकं चढवतो, तिथे गवती चहाच बरा.