घसरली नव्हती, लूपला घेतली होती

मी घरी बसून भाषांतरं करते, बहुतेक यंत्रांची माहितीपुस्तकं. गेल्या महिन्यात एका परदेशी ग्राहकाचं काम चालू असताना मधेच दुसऱ्याचं तातडीचं काम घुसलं आणि पहिलं दोन दिवस मागे पडलं. मी ईमेलमध्ये मोठ्या ऐटीत लिहिलं, 'द प्रोजेक्ट गॉट डिरेल्ड.' अर्ध्या तासात त्या बाईंचा फोन. फाइल उडाली का? दुसरा माणूस शोधू का? सावरायला किती आठवडे लागतील? मला कळेना, दोन दिवसांसाठी एवढं काय?

संध्याकाळी हे बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते, दौंड-मनमाड लाइनवर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण रेल्वेचा शब्द कुणी चुकीचा वापरला की अजून खुर्चीत ताठ होतात.

"अगं, डिरेल म्हणजे गाडी घसरली! चाकं रुळाच्या खाली. लाइन बंद, रिलीफ ट्रेन मागवायची, वर चौकशी बसते ती वेगळीच. त्या बाईंना घाम फुटणारच. तुझी गाडी फक्त बाजूला घेतली होती."

बाजूला घेतली. त्याला इंग्रजीत शब्द आहे, साइडट्रॅक. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तो खरोखरच रेल्वेचा होता: मुख्य लाइनवरून गाडी बाजूच्या रुळावर नेणं. मग तो माणसांना आणि गप्पांना लागला. 'सॉरी, आय गॉट साइडट्रॅक्ड.' म्हणजे निघाले होते एका कामाला, मधे दुसरं समोर आलं आणि त्यातच गुंतले. मला हेच म्हणायचं होतं.

लहानपणी वांबोरीला, बाबांच्या स्टेशनवर, हे आम्ही रोज बघायचो. लाइन तेव्हा एकेरी. समोरून झेलम एक्सप्रेस येणार असली की मालगाडी आधी लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घ्यायची. सांधे बदलताना डब्यांचा जो खडखडाट व्हायचा, त्यावरून आईला स्वयंपाकघरात कळायचं की आता बाबा लवकर जेवायला येत नाहीत. मग पोर्टर वेताचं मोठं कडं हातात उंच धरून प्लॅटफॉर्मवर उभा राहायचा. कड्याला चामडी पिशवी, पिशवीत टोकनचा गोळा. झेलम न थांबता धडधडत जायची, इंजिनातला माणूस वाकून हात घालून ते कडं उचलायचा. तो गोळा मिळाल्याशिवाय पुढच्या एकेरी लाइनवर जायची परवानगी नाही. आणि लूपवरची मालगाडी? तिचा ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढत असायचा. तिचं काहीच बिघडलेलं नसायचं. कोकण रेल्वेनं गणपतीला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. 'क्रॉसिंगला थांबलीय' म्हटलं की लोक निमूट डबे उघडतात.

डिस्ट्रॅक्ट मात्र वेगळ्या जातीचा शब्द. मूळ लॅटिन, अर्थ ओढून वेगळं करणं. ट्रॅक्टर, सबट्रॅक्ट, कॉन्ट्रॅक्ट सगळे त्याच 'ओढण्या'तले. गंमत म्हणजे ट्रेनसुद्धा त्याच घराण्यातली, मागे काहीतरी ओढत नेणारी. आणि जो नात्यातला हमखास वाटतो तो ट्रॅक फ्रेंचमधून आलेला, त्याचं कूळ निराळं. (बाबांना हे अजिबात पटलेलं नाही.)

वापरातला फरक मला असा जाणवतो. शेजारी ड्रिल मशिन चालू आहे, फोन टिंगटिंग करतोय, तर मी डिस्ट्रॅक्टेड. वाक्यात फोनला 'बाय' लागतं आणि कामाला 'फ्रॉम': फोन'मुळे' लक्ष उडालं, कामा'वरून' उडालं. पण एक शब्द शोधायला कोश उघडला आणि तासभर तिसऱ्याच शब्दांत रमले, तर साइडट्रॅक्ड. तिथे लक्ष उडालेलं नसतं, चांगलं घट्ट लागलेलं असतं. दुसरीकडे. आणि 'आय ॲम डिस्ट्रॅक्टिंग' असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, त्याचा अर्थ मीच दुसऱ्यांचं लक्ष उडवते असा होतो. काही जणांच्या बाबतीत तेही खरं असतं.

मराठीत 'लक्ष विचलित होणे' हे प्रगतिपुस्तकातलं मराठी, घरात कुणी बोलत नाही. भरकटणं मला आवडतं, पण त्यात होडीचा कुणी वाली नसतो. साइडट्रॅकच्या सगळ्यात जवळ येतो तो फाटा. 'विषयाला फाटे फोडू नकोस' म्हणतो आपण, तो रस्त्याचाच फाटा, एसटी थांबते तो. आणि पुढाऱ्याला सायडिंगला टाकतात तेव्हा तर आपण थेट रेल्वेतच शिरतो.

त्यावरही बाबांची हरकत होतीच. "लूप आणि सायडिंग एक नव्हे. लूप दोन्ही टोकांना मेन लाइनला जोडलेली असते, गाडी एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. मालधक्क्याची सायडिंग बहुतेक एका टोकाला बंद. तिथे वॅगन गेली की इंजिन येऊन ओढेपर्यंत तिथेच."

मी त्या बाईंना सुधारून लिहिलं, साइडट्रॅक्ड, दोन दिवस, शुक्रवारी देते. शुक्रवारी दिलंही. त्या लूपवरून सुटल्या एकदाच्या.

बाबांनी मग सहज विचारलं, "आणि तुझ्या आजीच्या ओव्या टाइप करत होतीस, त्याचं काय झालं?"

ती वही दोन दिवाळ्या कपाटात आहे. वांबोरीच्या मालधक्क्यावर एक मोडकी वॅगन अशीच उभी होती, तिच्या चाकांत घाणेरी उगवली होती आणि आम्ही पोरं तिच्या आडोशाला लपाछपी खेळायचो.

"सायडिंगला आहे," मी म्हटलं.

"मग इंजिन पाठव," म्हणाले, आणि बातम्या लावल्या.