गॅरेजमध्ये कधीच न येणारा आवाज

सकाळी गाडी सुरू केल्यावर बॉनेटखालून कुणी बारीक सुरात कण्हत असल्यासारखा आवाज यायचा, अॅक्सिलरेटर दाबला की तो सूर चढायचा आणि दहा-बारा मिनिटांनी आपोआप विरून जायचा. गॅरेजपर्यंत पोहोचेपर्यंत तो हमखास थांबलेला असे. मेकॅनिकने दोनदा बॉनेट उघडून कान देऊन ऐकले आणि दोन्ही वेळा काहीच ऐकू आले नाही, यात त्याचा दोष नव्हता.

अशा आवाजाच्या बाबतीत पहिला प्रश्न हा, की तो इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो की चाकांच्या वेगाबरोबर. गाडी उभी करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन हळूहळू 2000 आरपीएमपर्यंत (म्हणजे मिनिटाला 2000 फेरे) नेले आणि आवाजाचा सूर त्याच्याबरोबर चढला, तर गिअरबॉक्सची अंतिम दाते-जोडी आणि चाकांची बेअरिंग ही मंडळी संशयातून बाहेर पडतात. माझ्या गाडीत सूर चढला. म्हणजे उरले इंजिनावर चालणारे भाग: बेल्ट, त्याला ताण देणारी टेन्शनर पुली, त्याला वाट दाखवणारी आयडलर पुली, वीज तयार करणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टेअरिंगचा पंप. (टर्बो असलेल्या गाडीत त्याचीही शिट्टी ऐकू येते, पण ती इंजिनावर भार पडल्यावर येते, माझ्या गाडीत टर्बो नाही.)

एसी बंद-चालू करून काही फरक पडला नाही, म्हणून कॉम्प्रेसर बाजूला काढला. बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी शिंपडून पाहिले. दोष बेल्टचा असता तर आवाज क्षणभर तरी बदलला असता. तो बदलला नाही. तरीही बेल्टला भेगा दिसत होत्या म्हणून तो गॅरेजमध्ये बदलून घेतला, आणि पुढचे दोन दिवस आवाज आला नाही. मला वाटले, प्रश्न सुटला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. नंतर आठवून पाहिले तेव्हा लक्षात आले, की ते दोन दिवस इतर दिवसांपेक्षा उबदार होते.

यानंतर मी एक चूक केली. उजाडण्यापूर्वी निघताना आवाज मोठा असतो आणि त्या वेळी हेडलाइट लावलेले असतात, म्हणून मी दोष अल्टरनेटरवर ढकलला. तर्क दिसायला चांगला होता, कारण विजेचा भार वाढला की अल्टरनेटर फिरवायला जास्त जोर लागतो, शिवाय त्याची पुली लहान असल्यामुळे तो क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) साधारण अडीच ते तीन पट वेगाने फिरतो आणि त्याची बेअरिंग झिजली की असाच उंच सूर निघतो. मल्टिमीटर लावल्यावर इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.2 व्होल्ट दिसले. चार्जिंग ठीक होते, परंतु चार्जिंग ठीक असूनही बेअरिंग कण्हू शकते, तेव्हा एवढ्यावरून अल्टरनेटर निर्दोष ठरत नव्हता. नवा अल्टरनेटर बसवण्याच्या अगदी तयारीत होतो.

थांबलो ते वहीमुळे. आवाज कधी आला, इंजिन थंड होते की गरम, दिवे चालू होते की बंद, स्टेअरिंग कोणत्या बाजूला होते, एवढे मी रोज लिहून ठेवत होतो, आणि पाने चाळताना दिसले की अंधार आणि थंडी या दोन गोष्टी मी कधी वेगळ्या करूनच पाहिल्या नव्हत्या. मग एका सकाळी थंड इंजिन दिवे न लावता सुरू केले: आवाज होता. त्याच रात्री गरम इंजिनावर सगळे दिवे, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावला: आवाज नव्हता. दिव्यांचा संबंध तिथेच संपला. संबंध थंडीचा होता.

थंड असताना घट्ट आणि गरम झाल्यावर पातळ होते ते तेल, आणि उरलेल्या संशयितांपैकी तेल ओढणारा होता पॉवर स्टेअरिंगचा पंप. उभ्या गाडीत स्टेअरिंग एका टोकापर्यंत वळवले तेव्हा आवाज एकदम वाढला. (टोकाला ते पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, पंपावर फार दाब येतो.) स्टेअरिंगच्या तेलाची टाकी उघडली, पातळी बरोबर होती, पण तेलावर बारीक फेस होता आणि लाल रंग फिकट गुलाबी झाला होता. तेलात हवा मिसळत होती. विजेवर चालणारे स्टेअरिंग असलेल्या गाडीत हा पंपच नसतो, तेव्हा तिथे ही वाट लागू नाही.

हवा शिरत होती, पण जमिनीवर तेलाचा थेंबही नव्हता, याचेच कोडे मला बराच वेळ सुटले नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या होजमध्ये (रबरी नळीत) पंप तेल ओढत असतो, त्यामुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. सांध्यात फट पडली तर चालत्या इंजिनात तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत खेचली जाते. थंड, घट्ट तेल ओढताना हा दाब आणखी उतरतो. तेल गरम झाले की ओढ कमी होते, रबरही जरा मऊ पडते आणि फट बुजते. आवाज दहा मिनिटांनी का थांबायचा, याचे उत्तर इतके साधे होते.

सांध्यातली ओ-रिंग (फट बुजवणारी रबरी कडी) काढली तेव्हा ती चपटी आणि कडक झालेली होती. बोटांनी दाबली तरी पूर्ववत होईना. नवी ओ-रिंग आणि नवी क्लिप बसवल्यावर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, टाकीचे झाकण उघडे ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वीसएक वेळा फिरवले आणि पातळी उतरेल तसे तेल भरत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज पुन्हा आला, पण अर्धा मिनिटच, कारण उरलेले बारीक बुडबुडे बाहेर पडायला वेळ लागतो. तिसऱ्या सकाळी थंडी अधिक होती, हेडलाइट लावलेले होते, स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पाहिले, आणि इंजिनाच्या नेहमीच्या घरघरीखेरीज काहीही ऐकू आले नाही.