फरशीची चमक

बोट गडद निळी होती, २६ फुटी, आणि अंगावर इसब उठावा तशी दिसत होती. काही पट्टे चकचकीत, काही दुधाळ, मधूनच पांढुरकी बेटं. मालकाने तीन महिन्यांपूर्वीच ती विकत घेतली होती. "घेतली तेव्हा तोंड दिसायचं हो हिच्यात," हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला ती पाण्यात सोडायची होती. म्हणजे माझ्याकडे एक दिवस, एक बफर, म्हणजे पॅड फिरवून घासायचं मशीन, आणि सहा महिन्यांपूर्वी हाताखाली आलेला एक पोरगा.

फायबरच्या बोटी घासायला लागून मला अकरा वर्षं झाली. या कामात बहुतेक दिवस एकसारखे असतात आणि तेच बरं असतं. हा तसा नव्हता.

या बोटीला बाहेरून जो निळा दिसतो तो रंग नव्हे. तो जेलकोट, रंग मिसळलेल्या रेझिनचा थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. साच्यात बोट बनवताना आधी हाच फवारतात, मग त्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन चढतं. त्यामुळे सगळ्यात वर दिसणारा थर जन्माने सगळ्यात आधीचा असतो. उन्हातले अतिनील किरण त्याचं वरचं रेझिन तोडत जातात. मग वर भुकटी सुटते, बोट खडूने सारवल्यासारखी दिसते, आणि गडद रंगावर हे सगळं आधी उठून दिसतं. कंपाउंड, म्हणजे घासायची खरखरीत पेस्ट, ही भुकटी खरवडून काढतं, पॉलिश कंपाउंडचे ओरखडे बारीक करतं. वॅक्स काहीच खरवडत नाही, फक्त झाकतं. भुकटीवरच वॅक्स फासून बोट चमकेल अशा आशेवर असलेले मालक मला दर मोसमात भेटतात.

सकाळी सातला आम्ही बोट धुतली. पाणरेषेवरचा तपकिरी डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या जेलने गेला. बार्नॅकलच्या, म्हणजे बोटीला चिकटून वाढणाऱ्या कवचाच्या जिवांच्या, चार-दोन चकत्या राहिल्या होत्या, त्या पोराने प्लास्टिकच्या पट्टीने काढल्या. ते काम बोट वर घेतल्या घेतल्या, ओली असतानाच करायचं असतं. वाळल्यावर त्या चकत्या सिमेंटसारख्या बसतात आणि मग माणूस चिडून पत्रा हातात घेतो. पाणरेषेखाली, असले जीव चिकटू नयेत म्हणून, तांब्याचा विषारी रंग होता. त्याला आम्ही हात लावला नाही, वर टेप मारली. तो कोरडा घासला की त्याची धूळ छातीत जाते, आणि वॅक्स लावला तर त्याचं कामच बंद पडतं.

मग मी कोरडं पांढरं फडकं घेऊन बोटीच्या बाजूवर जोरात घासलं. भुकटी असती तर फडकं निळसर झालं असतं. ते स्वच्छ निघालं. मी खूश झालो. इतकी फिकी बोट आणि फडक्यावर काहीच नाही, याचा अर्थ काय, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

दुसरीही एक गोष्ट राहिली. कंपाउंड लावण्याआधी जुनं वॅक्स निघावं म्हणून आम्ही सॉल्व्हंटचं फडकं फिरवतो. पाऊण तासाचं काम. त्या दिवशी मी ते गाळलं. कारण द्यायचं तर घाई, एवढंच.

डाव्या बाजूने, नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली. लोकरीचा पॅड, मिनिटाला १२०० फेरे, एका वेळी दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन. कंपाउंड कसं वागतं हे माझ्या हाताला पाठ आहे. आधी ओलं फिरतं, मग पातळ धुकं धरतं, आणि धुकं पुसलं की खालून रंग वर येतो. इथे पहिल्याच चौकोनात पॅड अडकायला लागला. कंपाउंडच्या गोळ्या झाल्या. लोकरीला चिकट काजळी धरली आणि प्लास्टिक तापल्यासारखा वास आला. मी पॅड झाडला, पाण्याचा फवारा मारला, कंपाउंड बदललं. तेच. "दादा, हे पुसलं जात नाहीये, पसरतंय," पोरगा म्हणाला. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मी त्याला गप्प बसवलं आणि वेग १८०० वर नेला.

नाळेची कड ही बोटीवरची सगळ्यात धोक्याची जागा. कडेवर जेलकोट आधीच पातळ बसतो, आणि सपाट भागावर वाटला जाणारा पॅडचा सगळा दाब तिथे एका रेघेवर येतो. शहाणा माणूस कडेला टेप लावतो, किंवा तेवढा भाग हाताने घासतो. टेप माझ्या खिशात होती. पॅड चिकटून झटका बसला, बफर कडेवर सरकला, आणि मी तो उचलेपर्यंत दोन सेकंद गेले असतील. निळ्याच्या जागी अंगठ्याच्या नखाएवढा हिरवट तपकिरी डाग दिसायला लागला. त्यात काचेचे धागे मोजता येत होते.

बफर बंद करून मी खाली बसलो. पोराने पाण्याची बाटली दिली. काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

बसल्या बसल्या डोळे बोटीच्या बाजूवर होते. एका पांढुरक्या बेटाच्या काठाला काहीतरी वर आलेलं दिसलं, बरं होत आलेल्या जखमेची खपली सुटते तसं. नख घातलं. पारदर्शक पापुद्रा निघाला, बोटभर लांब, कांद्याच्या सालीसारखा पातळ. त्याखाली अंगठा घासला तर अंगठा निळा-पांढरा. भुकटी तिथे होतीच, फक्त झाकणाखाली. अ‍ॅसिटोनचं फडकं चांगल्या दिसणाऱ्या भागावर दाबलं तेव्हा ते चिकटलं आणि गोंदासारखे धागे सुटले.

बोटीला फरशीचं पॉलिश लावलेलं होतं. दवाखान्याच्या, शाळेच्या लांब व्हरांड्यात लावतात ते अ‍ॅक्रिलिक.

यात जादू नाही. फिक्या बोटीवर पाणी मारून बघा, क्षणभर ती नव्यासारखी गडद दिसते. भुकटीतल्या बारीक खळग्यांत पाणी भरतं, प्रकाश विखुरणं थांबतं. पाणी वाळलं की खेळ संपतो. अ‍ॅक्रिलिक तेच काम करतं, पण वाळून तिथेच बसतं. पातळ हातांनी चार-पाच थर दिले की बोट आरशासारखी होते. दरवर्षी नीट साफ करून वर नवा हात देणारे लोक आहेत आणि त्यांच्या बोटी वाईट दिसत नाहीत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण हातात काय आहे हे घासणाऱ्याला माहीत हवं, आणि ऊन-पाण्यात हा थर सुटायला लागला की तो आधी पूर्ण काढावा लागतो. त्यावर बफर चालवणं म्हणजे मेणबत्तीवर इस्त्री फिरवणं.

तो काढायला अमोनिया असलेलं फ्लोअर स्ट्रिपर लागतं. ते आणलं. खाली प्लास्टिक अंथरलं, पितळेच्या फिटिंग्ज झाकल्या, कारण अमोनिया पितळेला खातो. पाण्यात मिसळून लावायचं, पाच-सात मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, मऊ पॅडने चोळायचं. दुधासारखा चिखल खाली येतो. एका डागावर अडलं तेव्हा पोरगा ब्लीचची बाटली घेऊन आला. मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडच्या स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा वायू सुटतो आणि फुफ्फुसं भाजतात. नंतर त्याला शांतपणे समजावलं. आधी ओरडलो याबद्दल मात्र माफी मागितली नाही.

दोन्ही बाजू सोलून, धुऊन होईपर्यंत संध्याकाळचे पाच झाले. बोट वाळली आणि नखशिखांत पांढरी पडली. नेमके त्याच वेळी मालक आले.

"मी चमकवायला दिली होती," ते म्हणाले.

मी त्यांना पापुद्रा दाखवला, मग नाळेवरचा डाग. डाग आधी दाखवायला हवा होता, पण तेवढं धैर्य गोळा व्हायला वेळ लागला. त्यांनी वाकून बघितलं. "भोक पडलं का?" नाही, भोक नाही, वरचा थर गेलाय, भरावा लागेल, पैसे लागणार नाहीत, उद्याची भरती मात्र हुकेल. ते बराच वेळ गप्प होते. मग बोटीत चढले, सीटखालचा कप्पा उघडला आणि एक डबा घेऊन उतरले. अर्धा रिकामा. त्यावर फरशीचं चित्र. "बोटीबरोबर मिळाला होता. मला वाटलं, केबिनची जमीन पुसायला ठेवलाय."

मग त्यांनी विचारलं, "हेच परत मारून उद्या सोडता नाही का येणार?" प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. येईल, मी म्हणालो. दिसेलही छान. पुढच्या वर्षी पुन्हा सोलायचं. त्यांनी डबा जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, दोन दिवस घ्या.

डाग भरायचा तर नेमका निळा हवा. पण कुठला निळा? सगळी बोट पांढरी. तेव्हा पोराने ट्रान्समकडे, म्हणजे मागच्या सपाट भिंतीकडे बोट दाखवलं. आत्ताच्या नावाखाली, तिरप्या उन्हात, आणखी एक नाव उमटलं होतं. कधीकाळी चिकटवलेली अक्षरं कुणीतरी काढून टाकली होती, पण जितकी वर्षं ती तिथे होती तितकी वर्षं त्यांच्याखालच्या जेलकोटला ऊन लागलं नव्हतं. भुकटीच्या मधोमध पाच गडद, निरोगी अक्षरं. बोट नवी असतानाचा निळा तो.

जेलकोटच्या पेस्टमध्ये मी निळा, थेंबभर काळा, काडीच्या टोकावर पांढरा असं मिसळत गेलो. पेस्ट घट्ट करणारं हार्डनर न घालता एकेक ठिपका त्या अक्षरांवर ठेवून बघायचा, नाही जुळला की पुसायचा. सातव्या ठिपक्याला अक्षर आणि ठिपका वेगळा ओळखू येईना. मग हार्डनर घातलं, डाग भरला, वर पारदर्शक फिल्म दाबली, कारण हवा लागली तर पॉलिएस्टर जेलकोटचा वरचा भाग चिकटच राहतो. सकाळी फिल्म काढली. ६००, १०००, १५०० असे वॉटर पेपर हाताने मारले, ठोकळ्यावर गुंडाळून.

बाकीचं लवकर सांगण्यासारखं आहे, कारण ते नेहमीसारखं झालं. कंपाउंड आपल्या चालीने चाललं, धुकं धरलं, पुसलं, रंग वर आला. कडांना टेप होती. फोमच्या पॅडने पॉलिश, आणि शेवटी सावलीत, बोट थंड असताना, हाताने कार्नोबा वॅक्सचे दोन थर. ट्रान्समवर कंपाउंड फिरवताना ती पाच अक्षरं आजूबाजूच्या निळ्यात हळूहळू बुडाली. पोरगा मध्ये थांबून वाचायचा प्रयत्न करत होता.

तिसऱ्या दिवशी बोट सुटण्याआधी मालकांनी डाग कुठे होता ते विचारलं. मी दाखवला. त्यांनी अंगठा फिरवला, टॉर्च लावून बघितलं, मान हलवली. मग मी कामाचा कागद सहीला पुढे केला. त्यात शेवटची ओळ मी रात्रीच लिहून ठेवली होती: नाळेची डावी कड, जेलकोट जळाला, भरला. चूक माझी. तिथे पुन्हा मशीन लावू नये.